आत तिघं, बाहेर दोघं

फोटोवाला दारात आला तेव्हा धाकला पाण्याची तिसरी खेप उतरवत होता. कावडीचं मागचं टोक नेहमीसारखं चौकटीला लागलं आणि तांब्याभर पाणी उंबऱ्यात सांडलं. वहिनी आतून आली. तिनं पाण्याकडे पाहिलं आणि सासूला म्हणाली, "त्यांना म्हणावं, जरा बघून."

सासू पलीकडे भिंतीला टेकून सुपात शेंगा सोलत होती. धाकला वहिनीपासून दोन हातांवर उभा होता. पण गेले दहा महिने वहिनीला त्याच्याशी जे काही बोलायचं असेल ते ती असं सासूला वळसा घालून बोलायची. सासू निरोप पुढे पोचवायच्या भानगडीत पडायची नाही. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलेलं असायचं.

घराला स्वतःची विहीर होती, हाकेच्या अंतरावर, बांधीव, चांगल्या पाण्याची. तिच्यावर कुणी झाकण घातलं नव्हतं की कुंपण केलं नव्हतं. फक्त कुणी तिकडे जात नव्हतं. पाणी यायचं ते पाऊण मैलावरच्या सार्वजनिक टाकीवरून, दिवसाला आठ खेपा. धाकल्याच्या उजव्या खांद्यावर आता आवळ्याएवढं घट्ट टेंगूळ आलं होतं. त्यात परवाच टाकीवरच्या माणसानं सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून माणसांपुरतंच पाणी मिळेल, जनावरांचं ज्यानं त्यानं बघावं. घरात एक गाय होती, तिची कालवड होती, आणि घरामागच्या मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या होत्या.

गेल्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा थोरल्यानं तेलाचं इंजिन दोरांनी विहिरीत उतरवलं आणि मधल्या टप्प्यावर बसवलं. वरून पाणी ओढत नव्हतं म्हणून. इंजिन चालू केलं तेव्हा दोघं भाऊ आत होते. धूर वर जायला वाट नव्हती. दोघं उतरले होते, एक वर आला.

धाकल्यानं लोकांना सांगितलं ते असं, की दादानं मला इंजिनाचा पट्टा आणायला वर पाठवलं, पट्टा घेऊन आलो तर दादा इंजिनाला टेकून बसलेला. लोकांनी मान हलवली. वर आलास म्हणून वाचलास, पुन्हा उतरला असतास तर दोन गेली असती, असं प्रत्येकानं निदान एकदा तरी त्याला सांगितलं. ते खरंही होतं. त्या खरेपणाचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही.

आई मात्र रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळेला, एकच गोष्ट विचारायची. कडी लावलीस का, असं विचारावं तितक्या साधेपणानं.

"हाक नाही का रे मारली त्यानं?"

"नाही आई. आवाजच नाही आला."

"मग झोपेतच गेला म्हणायचा."

"हो."

एवढं झालं की ती निवांत व्हायची आणि दोन घास खायची. धाकल्याच्या घशाखाली मात्र काही उतरायचं नाही. कारण हाक आली होती. दोनदा आली होती, आणि ती त्यानं ऐकली होती.

आणि दोन महिन्यांपासून विहिरीतून घोरण्याचा आवाज यायला लागला होता.

तो सुरू व्हायचा दिवस मावळता मावळता. घर्र करून लांब ओढलेला श्वास, मध्ये थोडी शांतता, मग पुन्हा. थोरला घोरायचा ते पंचक्रोशीत ठाऊक होतं. पाहुणे आले की आपणहून गोठ्यात झोपायला जायचे, गाय बरी म्हणायचे. आता त्या आवाजावर कुणी विनोद करत नव्हतं. एका शेजाऱ्यानं एकदा केला, आणि दुसऱ्या दिवसापासून तोच रानातून लांबचा रस्ता धरून घरी जायला लागला. कधीकधी विहिरीच्या तोंडातून पांढरं काहीतरी वर यायचं आणि आवाज न करता शेतावरून निघून जायचं. वहिनी रोज त्या वेळेला घराच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहायची. ती रडायची नाही, काही पुटपुटायची नाही. नुसती ऐकायची आणि आवाज थांबला की आत येऊन चुलीला लागायची.

तर दारात आलेला हा फोटोवाला. उंच, वाळका, पन्नाशीचा, एका गुडघ्यात लंगडणारा. मोटारसायकलच्या मागे लांबडी पेटी बांधलेली.

"तुमच्या विहिरीत घुबडं आहेत असं कळलं," तो म्हणाला. "मला फोटो काढायचेत. परवानगी विचारायला आलो."

सासूच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आमच्या विहिरीत काही नाही," शेवटी ती म्हणाली.

फोटोवाल्यानं वाद घातला नाही. पाणी मागितलं, प्यायला, आणि उन्हं कलेपर्यंत इथं बसू का म्हणून विचारलं. बसला. आवाज सुरू झाला तेव्हा वहिनी मागच्या दाराशी गेली, तोही उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि मान तिरकी करून बोटं दुमडत मोजायला लागला.

"चार," तो म्हणाला. "नाही, पाच असावीत. पिल्लं आहेत."

"पिल्लं घोरतात?" वहिनीनं विचारलं.

"भूक लागली की. आईबापांना बोलावतात ती. आपल्याला घोरल्यासारखं वाटतं."

वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची जीभ जागच्या जागी थांबली. ती आत निघून गेली. हातातली वस्तू कुणी हिसकावून न्यावी तसा राग तिला आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं. त्या रात्री तिनं भांडी जरा आपटूनच घासली.

आईनं धाकल्याला जवळ बोलावलं. "जा त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "बघून ये. खरंच पाखरू आहे का ते."

"मी नाही जात तिकडं."

"मग कोण जाणार? माझे गुडघे जाणार?"

फोटोवाल्याची काम करायची पद्धत धाकल्यानं कधी पाहिली नव्हती. आधी एक खोपी करायची, एक माणूस बसेल एवढी, ज्वारीच्या वाळक्या ताटांची, चार बांबूंवर, उचलून नेता येईल अशी. ती पहिल्या दिवशी विहिरीपासून साठ पावलांवर ठेवायची आणि निघून यायचं. दुसऱ्या दिवशी बारा पावलं पुढे सरकवायची. तिसऱ्या दिवशी आणखी बारा. पाखराला ती रोज थोडी थोडी जवळ आलेली दिसते आणि सवय होते. एकदम जवळ नेली की ते घर सोडतं, पिल्लं उपाशी मरतात.

"म्हणजे पाखराला कळू न देता जवळ जायचं," धाकला म्हणाला.

"कळू देऊन," फोटोवाला म्हणाला. "पण हळूहळू."

खोपी बांधायला अर्धा दिवस गेला. ताटांच्या पात्यांनी धाकल्याच्या मनगटावर बारीक चिरा पडल्या आणि घामानं त्या चुरचुरल्या. पहिल्या दिवशी साठ पावलांवर त्याला काही वाटलं नाही. तिथं नांगरट होती आणि विहीर म्हणजे दगडांचं एक काळं वर्तुळ होतं. दुसऱ्या दिवशी झाडाच्या बुंध्याला गुंडाळलेला दोर दिसला. इंजिन उतरवताना त्यानंच तो गुंडाळला होता, त्याच्या हातची गाठ अजून तशीच होती. तिसऱ्या दिवशी, छत्तीस पावलांवर, त्याला तेलाचा वास आला. फोटोवाला म्हणाला, मला नाही येत. धाकल्यानं पुन्हा हुंगलं. येत होता.

चौथ्या दिवशी खोपी चोवीस पावलांवर गेली. फोटोवाल्यानं जमिनीवरून अंगठ्याएवढा एक काळपट गोळा उचलला आणि तळहातावर फोडला. आत राखाडी केस होते आणि उंदराची कवटी, दातांसकट, मुगाच्या डाळीएवढ्या दातांची.

"न पचलेलं ते असं ओकून टाकतं," तो म्हणाला. "रात्रीत दहा-बारा उंदीर. तुमचं धान्य राखतंय ते, फुकटात."

धाकल्यानं ती कवटी खिशात घातली आणि घरी आणून आईपुढे ठेवली. आईनं ती उलटसुलट करून पाहिली.

"उंदीर कळला," ती म्हणाली. "पाखरू कुठं दिसलं?"

पाचव्या दिवशी खोपी बारा पावलांवर ठेवली. मग फोटोवाला म्हणाला, "आता खरं काम. आपण दोघांनी आत जायचं. घटकाभर बसायचं. मग तुम्ही एकट्यानं बाहेर यायचं आणि सरळ घरी जायचं. पाखराला मोजता येत नाही. आलेलं माणूस गेलं, एवढंच त्याला कळतं. मी आत आहे हे त्याला कळत नाही."

धाकल्याच्या हातात खोपीचा बांबू होता. तो त्यानं हळूच जमिनीवर टेकवला.

"एकट्यानं?"

"हो. का?"

"काही नाही."

खोपीत दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसले. ताटांच्या फटीतून विहिरीचा काठ दिसत होता, आणि काठावर पांढऱ्या विष्ठेचे लांब ओघळ. थोड्या वेळानं फोटोवाल्यानं त्याच्या दंडाला बोट लावलं. धाकला बाहेर आला. विहिरीकडे पाठ करून चालायला लागला आणि पहिल्या पावलालाच त्याच्या पाठीचं कातडं ताठ झालं. हीच वाट होती. त्या दिवशी याच वाटेनं तो लोकांना बोलवायला पळत गेला होता. आज पळायचं नव्हतं, चालायचं होतं, आणि ते जास्त अवघड होतं. घर येईपर्यंत तो मान खाली घालून, ढेकळं चुकवत चालला.

घुबड बाहेर आलं नाही. अंधार झाल्यावर फोटोवाला लंगडत लंगडत परत आला आणि ओट्यावर बसून गुडघा चोळायला लागला.

"उद्या बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. पिल्लं ओरडून ओरडून थकली, मोठं पाखरू काही काठावर आलं नाही.

"धाकलेराव, रागावू नका," फोटोवाला म्हणाला, "पण तुम्ही चोरासारखे जाता. आवाज नाही, काही नाही. पाखराला माणूस दिसतं त्यापेक्षा ऐकू जास्त येतं. माणूस गेलं हे त्याला ऐकू आलं पाहिजे. बोलत जा. गाणं म्हणा. शिव्या द्या कुणाला तरी."

"एकटा काय बोलू?"

"काहीही. लांब लांब जाणारा आवाज त्याला ऐकू आला म्हणजे झालं."

तिसऱ्या संध्याकाळी धाकला खोपीतून निघाला आणि काय बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. त्यानं काही ठरवलं नव्हतं. "आलो," असं त्याच्या तोंडून निघालं. "आलो, आलो रे दादा, आलो." स्वतःचाच आवाज ऐकून तो वाटेत थबकला. विहिरीतली पिल्लं गप्प झाली. मागे खोपीत फोटोवाला बसला होता आणि त्यानं ऐकलं असणार हे धाकल्याला ठाऊक होतं. तो पुढे चालायला लागला, पण आवाज काही पुन्हा फुटला नाही.

फोटोवाल्यानं परत आल्यावर त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. चांगला माणूस होता.

"उद्याचा एक दिवस," तो सासूला आणि वहिनीला म्हणाला. "उद्या नाही आलं बाहेर तर मी खोपी उचलतो. माझ्या फोटोपायी पिल्लं उपाशी ठेवायची नाहीत मला. पण एक करून बघू. दोन माणसं पाहिजेत. बोलत बोलत निघून जाणारी. दोघं बोलत असली की आवाज खरा वाटतो."

आईनं स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं.

वहिनी चुलीतली राख भरत होती. "दिसेल का ते?" तिनं विचारलं.

"तुम्ही तर पाठ करून जात असाल. मागे वळायचं नाही. पण फोटोत दाखवेन."

"मग येते."

त्या दिवशी धाकल्यानं सहाच खेपा केल्या. अंगात ताकद नव्हती असं नाही, पण टाकीवर रांगेत उभा असताना त्याचा नंबर दोनदा मागे पडला आणि त्याला कळलंही नाही. वहिनीशी बोलायचं होतं. काय बोलायचं, कुठल्या तोंडानं बोलायचं? एका घरात राहून दहा महिने जिनं त्याच्याकडे धड पाहिलं नव्हतं, तिच्याशी आता पाखरासाठी गप्पा मारायच्या होत्या. तिला कळलंय, असं त्याला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. तिनं चेहऱ्यावरून ओळखलंय, म्हणूनच ती बोलत नाही. ओळखलं असेल तर एकदा तोंडावर का म्हणत नाही, हे मात्र त्याला उमजत नव्हतं.

उन्हं उतरल्यावर तिघं निघाले. पुढे फोटोवाला, मध्ये वहिनी, मागे धाकला. वहिनी या वाटेला दहा महिन्यांनी येत होती. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला होता आणि ती नीट, एकसारखी पावलं टाकत चालली होती. विहीर जवळ आली तशी तिची मान किंचित ताठ झाली, एवढंच.

खोपी एकाची, त्यात तिघं. फोटोवाल्याची पेटी मध्ये, वहिनी एका कोपऱ्यात, धाकला दुसऱ्या कोपऱ्यात अर्धा बाहेर. कुणी हललं की ताटं वाजायची. वहिनीचा श्वास त्याला ऐकू येत होता. मग पिल्लं सुरू झाली, आणि बारा पावलांवरून तो आवाज घरून ऐकू यायचा तसा राहिला नाही. तो बारीक होता, घाईचा होता, एकात एक गुंतलेला होता. पाच जणांचा होता हे स्पष्ट कळत होतं.

वहिनीनं फटीला डोळा लावला होता. बराच वेळ ती तशीच राहिली.

"हे ते नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली.

तिचा आवाज इतका रिकामा होता की धाकल्यानं मान खाली घातली. माणूस जाऊन दहा महिने झाले होते, पण तिचं माणूस आज गेलं.

फोटोवाल्यानं कॅमेऱ्याच्या काचेवरचं झाकण काढलं. "निघा," तो कुजबुजला. "दारापर्यंत बोलत जायचं. मोठ्यानं. मागे बघायचं नाही."

दोघं बाहेर आली आणि चालायला लागली. चार पावलं झाली, सहा झाली, कुणाच्याच तोंडून शब्द निघेना. मागून खोपीतून खाकरल्याचा आवाज आला.

"आज किती खेपा झाल्या?" वहिनीनं विचारलं. थेट. मोठ्यानं.

"सहा."

"सहाच?"

"रांग होती."

"कालवडीला पाजलं?"

"पाजलं. अर्धी बादली."

"अर्ध्यानं काय होतंय तिचं?"

"उद्या जास्त आणतो."

असं दहा-बारा पावलं चाललं. जमिनीत भेगा होत्या, त्या ओलांडताना दोघांची पावलं मागेपुढे होत होती. धाकल्याला वाटलं, हे संपणार. दार आलं की हे संपणार आणि उद्यापासून पुन्हा 'त्यांना म्हणावं'.

"वहिनी," तो म्हणाला, "दादानं हाक मारली होती." ते तो इतक्या खाली बोलला की त्याचं त्यालाच नीट ऐकू आलं नाही.

वहिनी थांबली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "मोठ्यानं बोलायचं ठरलंय."

त्याला वाटलं ती त्याची शोभा करतेय. मग वाटलं, करू दे. त्यानं घसा साफ केला आणि उघड्या रानात, मागे एक परका माणूस बसलेला असताना, तो ओरडून बोलायला लागला.

"दादानं हाक मारली होती! मी काठावर बसलो होतो. पट्टा आणायला मला कुणी पाठवलं नव्हतं. माझं डोकं फिरत होतं, उलटी होत होती, म्हणून मी आपला वर आलो. सकाळपासून तो मला बोलत होता. हे नीट धर, ते नीट धर, तुला अक्कल नाही. वर आलो तर खालून हाक आली. धाकल्या. मी म्हटलं, बोलव. बोलव अजून. जरा बसू दे मला. मग दुसऱ्यांदा आली. मी उठलो नाही, कान दाबून बसलो. ऐकू आलं होतं मला, वहिनी. चांगलं ऐकू आलं होतं."

त्याला धाप लागली. नाकातून पाणी यायला लागलं, ते त्यानं बाहीला पुसलं. पाय चालत होते.

"किती वेळा?" वहिनीनं विचारलं.

"दोनदा."

तिच्या पायातली चप्पल एका ढेकळात अडकली, ती तिनं वाकून हातानं सोडवली आणि हातातच धरली.

"तीनदा," ती म्हणाली.

धाकला थांबला. तिनं त्याच्या दंडाला धरून त्याला पुढे ओढलं.

"चालत राहा. थांबायचं नाही. तीनदा मारली. तिसरी मला होती. 'अगं ए' म्हणाले. मला 'अगं ए'च म्हणायचे." ती आता त्याच्यापेक्षाही मोठ्यानं बोलत होती. "मी सरपणाची मोळी घेऊन बांधावर होते. तो बांध दिसतोय ना, त्याच्यावर. तुमच्या दोन्ही हाका मी ऐकल्या. म्हटलं, भावाभावांचं चाललंय. तिसरी माझी आली. आदल्या रात्री आमचं भांडण झालं होतं. मला माहेरी जायचं होतं, ते नको म्हणाले. म्हटलं, आता चहा पाहिजे असेल, नाहीतर पाणी. म्हटलं, या की वर, घ्या हातानं. मोळी डोक्यावर नीट केली आणि पलीकडच्या अंगानं उतरून गेले. घरी येऊन चूल पेटवली. चहा ठेवलाच शेवटी. तो उकळत होता तेव्हा तुम्ही पळत आलात."

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय माझं. म्हणून बोलत नाही."

"मला काय कळणार?" ती म्हणाली. "मला भीती होती तुमची. म्हटलं, हा माणूस काठावर होता. यानं सगळं ऐकलं असणार. एक दिवस हा म्हणेल, हाक आली होती. मग कुणीतरी विचारेल, किती आल्या, कुणाकुणाला आल्या. तुम्ही 'आवाजच आला नाही' म्हणालात तेव्हा मी देवाचे आभार मानले. दहा महिने रोज मानतेय. आणि रोज मागच्या दाराशी जाऊन ऐकतेय, चौथी येते का म्हणून."

इतके दिवस तो ज्या ओझ्याखाली एकटाच वाकला होता त्याची दुसरी बाजू हिच्या खांद्यावर होती, आणि दोघं एकाच घरात ते घेऊन एकमेकांना चुकवत फिरत होती. त्याला तिची दया आली, आणि लगेच स्वतःची लाज वाटली की या बातमीनं त्याला थोडं हलकं वाटलं होतं.

तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरून काहीतरी गेलं. मागे बघायचं नाही असं ठरलं होतं, वर बघायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. दोघांनी वर पाहिलं. पोटाखालून पांढरं, पंख पसरलेले, इतकं खाली की त्याचे सोडलेले पाय दिसले. आवाज नावाला नाही. ते दोघांवरून पुढे गेलं, बांधाच्या कडेनं वळलं आणि गवतावर उतरलं. मागे खोपीत बटणाचा चटचट आवाज एकसारखा होत होता.

"घुबडच आहे," वहिनी म्हणाली.

"हो."

"बोलत राहा. दार यायचंय अजून."

मग ते बोलत राहिले. मिरचीची रोपं किती वाचतील, टाकीवरचा माणूस किती आडमुठा आहे, गाईला आत्याकडे पाठवावं का. आवाज हळूहळू आपोआप खाली आला, पण थांबला नाही.

आई ओट्यावर होती. दिवा लावायची वेळ झाली होती. तिच्या मांडीवर सूप होतं आणि ती खडे वेचता वेचता वाटेकडे बघत होती.

"कसला आरडाओरडा चालला होता?" तिनं विचारलं. "मला नुसता गलका आला, शब्द नाही कळला एक."

"पाखरासाठी," धाकला म्हणाला. "मोठ्यानं बोलायचं होतं."

"मग? दिसलं?"

"दिसलं. पांढरं आहे. पाच पिल्लं आहेत त्याला."

आईचे हात सुपात थांबले. तिनं काही वेळ विहिरीच्या दिशेनं पाहिलं. तिकडून आवाज येतच होता.

"म्हणजे तो नाही," ती म्हणाली. "बरं झालं. मला धाकधूक होती. म्हटलं, जीव अडकला असेल पोराचा. काही सांगायचं राहून गेलं असेल." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "हाक न मारता गेला ते एका परीनं चांगलंच. झोपेत गेला. होय ना रे?"

धाकल्यानं तोंड उघडलं. रोजचं उत्तर जिभेवर तयार होतं, दहा महिन्यांच्या सवयीचं. ते बाहेर येईना. त्यानं वहिनीकडे पाहिलं.

वहिनीनं हातातली चप्पल खाली ठेवली. ओट्यावर चढून ती सासूसमोर बसली आणि तिच्या मांडीवरचं सूप उचलून तिनं बाजूला ठेवलं. सासूचे दोन्ही हात तिनं आपल्या हातात घेतले. त्यांना धान्याची धूळ लागली होती.

"भाऊजी, तुम्हीही बसा," ती म्हणाली.

धाकला पायरीवर बसला. आई एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

"आई, ऐका," वहिनी म्हणाली. "आधी माझं ऐका. मग यांचं."